परमुलखातील मनाचे दुखणे

परक्या देशात ताप आला तर तो सांगण्यासाठी भाषा फारशी लागत नाही. तापमापक कोणत्याही मुलखात तोच आकडा दाखवितो. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. तेथे रोग्याचे बोलणे हेच वैद्याचे मुख्य साधन. ते बोलणे वैद्याला उमगले नाही, किंवा रोग्याला बोलताच आले नाही, तर निदान चुकते आणि उपचार हुकतो. बडोदे, इंदूर, बेळगाव, पणजी अशा गावांतून शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन परदेशी गेलेली मुले आज कितीतरी घरांत आहेत. नातवंडांना सांभाळण्यासाठी महिनोन्‌महिने तिकडे राहणारे आजी-आजोबाही आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ परदेशस्थांचा नव्हे. मागे राहिलेल्यांचाही आहे.

देशांतराचा आणि मनोविकारांचा संबंध अभ्यासकांच्या ध्यानात येऊन बराच काळ लोटला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांमध्ये मनोरुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मायदेशी राहिलेल्या नॉर्वेजियनांपेक्षा अधिक असल्याचे ओडेगार्ड या मनोविकारतज्ज्ञांनी १९३२ साली दाखवून दिले. मुळात अस्थिर मनाचीच माणसे देश सोडतात, असा त्यांचा तर्क होता. पुढील संशोधनाने तो अपुरा ठरविला. एकाकीपणा, तुटलेले गणगोत आणि परकेपणाची वागणूक यांचाही त्यात मोठा वाटा असतो, असे दिसून आले.

आता अडचण कोठे येते ती पाहू. मराठी मनुष्य आपले दुखणे सांगताना 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतो. 'छातीत धडधडते', 'डोके जड होते', 'अंगात त्राण नाही', 'कशातच राम वाटत नाही' अशी त्याची भाषा असते. 'जीव नकोसा झाला' हे शब्द उन्हाने त्रासलेला मनुष्य सहज उच्चारतो; आणि ज्याच्या मनात आत्मघाताचा विचार घोळत आहे तोही तेच शब्द उच्चारतो. स्वभाषिक वैद्य आवाजावरून आणि चेहऱ्यावरून फरक ओळखण्याचा संभव अधिक. परभाषिक वैद्य एक तर घाबरून जाईल, नाही तर दुर्लक्ष करील. दोन्ही गोष्टी घातक. शरीराच्या तक्रारींतून मनाची व्यथा सांगण्याची रीत केवळ आपलीच नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांना चीनच्या हुनान प्रांतात १९८०च्या सुमारास हाच अनुभव आला. मज्जातंतूंच्या दुर्बलतेचे रोगी म्हणून ज्यांची नोंद झाली होती, त्यांतील बहुतेकांत नैराश्याची लक्षणे त्यांना आढळली.

यावर उपाय कोणता? सर्वांत साधा उपाय हा, की वैद्याने विचारावे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक मुलाखत समाविष्ट केली. आपल्या त्रासाचे वर्णन घरच्यांपाशी तुम्ही कसे कराल, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, आधार कोणाचा आहे, असे ते प्रश्न आहेत. वैद्य आणि रोगी भिन्न पार्श्वभूमीचे असल्याने गैरसमज होईल अशी चिंता वाटते काय, हेही त्यात विचारले जाते. लंडनमध्ये 'नफ्सियात' नावाचे केंद्र याच हेतूने १९८३ साली जाफर करीम यांनी स्थापन केले. तेथे अनेक भाषांतून मानसोपचार दिले जातात आणि रोग्याची संस्कृती उपचाराचाच भाग मानली जाते.

मग वैद्य मराठीच हवा काय? मिळाल्यास उत्तम; परंतु तो आग्रह कधी कधी उलटतो. परगावचा मराठी समाज लहान असतो. उपचार करणारा तज्ज्ञ गुप्तता पाळण्यास बांधलेला असला, तरी गणेशोत्सवात त्याचीच गाठ पडणार या कल्पनेने अनेकांची जीभ अडखळते. त्यांना परका वैद्यच बरा वाटतो, आणि त्यात काही गैर नाही. कसोटी जातिगोताची नसून ऐकून घेण्याची आहे. पहिल्या भेटीत रोग्याने निःसंकोच विचारावे: भारतीय कुटुंबातील माणसांवर आपण उपचार केले आहेत काय? आईवडिलांचा सल्ला घेणे आपणांस दुबळेपणाचे वाटते काय? पूजापाठ, उपवास यांविषयी आपले मत काय? उत्तरात उपहास दिसला, तर दुसरे दार ठोठवावे.

दुभाष्याची सोयही ध्यानात ठेवावी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाष्यासाठी रोग्याला पैसे द्यावे लागत नाहीत. ऑस्ट्रेलियात सरकारी दूरध्वनी-दुभाषी सेवा आहे. भेट ठरविताना 'मराठी दुभाषी हवा' असे आधीच सांगावे. मुलाला किंवा सुनेला दुभाषी करू नये. ज्या सासूचे दुःख सुनेशी निगडित आहे, ती ते सुनेच्याच तोंडून कसे सांगणार?

भारतातील समुपदेशकाशी पडद्यावरून बोलणे आता सुलभ झाले आहे आणि मातृभाषेचा दिलासा मोठाच असतो. तथापि त्याला मर्यादा आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना निराळा असतो. आणि रात्री-अपरात्री प्रसंग ओढवला तर दूरचा तज्ज्ञ धावून येऊ शकत नाही. म्हणून स्थानिक वैद्याशी ओळख असावीच. पूर्वीपासून औषधे चालू असल्यास चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. व्यापारी नावे देशागणिक बदलतात. आत्मघाताचे विचार येत असतील, तर मात्र भाषेची वा संस्कृतीची वाट पाहू नये. तत्काळ तेथील आपत्कालीन सेवेला बोलवावे. अमेरिकेत २०२२ सालापासून त्यासाठी ९८८ हा क्रमांक आहे.

कुटुंबाचे बळ आपल्या देशाने फार पूर्वी ओळखले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रोग्यांसोबत राहू दिले. परदेशी तंबू ठोकता येत नाही. पण दूरध्वनी आहे. त्यावरून 'सगळे ठीक ना?' असे विचारले, की 'ठीक' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी झोप लागते का, जेवण कोणाबरोबर होते, मनातले कोणाशी बोलतोस, असे विचारावे. आणि मुलगा वा मुलगी 'डॉक्टरांकडे जाते आहे' म्हणाली, तर 'लोक काय म्हणतील' हे वाक्य ओठांवर येऊ देऊ नये. संस्कृतीला साजेशा उपचाराचा प्रारंभ पुष्कळदा येथेच, घरच्या माणसाच्या उत्तरात होतो.