एकाच वावरातल्या अनेक जमिनी

बी एकाच पिशवीतलं, पेरणी एका दिवसाची, खताची मात्रा सगळीकडे सारखी. तरी बांधालगत पीक कमरेला लागतं आणि मधल्या पट्ट्यात वीतभर वाढून थांबतं. शेती केलेल्या प्रत्येकाने हे पाहिलंय. मातीत फरक आहे हे सगळ्यांनाच कळतं. तो नेमका कुठे सुरू होतो, किती खोल जातो आणि कशामुळे आहे, हे मात्र खोदल्याशिवाय कळत नाही. आणि आख्खं शेत कोण खोदणार?

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या मध्यभागी हा प्रश्न फार टोकाचा आहे. तिथे वर मऊ, पोयट्याची माती आणि खाली चिकणमातीचा घट्ट थर. या थरातून पाणी झिरपत नाही, मुळांनाही सहज शिरता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीत उतारावरची माती धुपून गेली, त्यामुळे एकाच शेतात कुठे हा थर वीतभर खोलीवर लागतो, तर कुठे हातभर खणलं तरी लागत नाही. पावसाने ओढ दिली की वरच्या मातीची ही जाडीच उत्पन्न ठरवते. तिथल्याच कोलंबिया शहरातल्या अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात न्यूएल किचन, केनेथ सडथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही जाडी न खोदता ओळखायचा मार्ग शोधला: मातीची विद्युत वाहकता मोजायची.

यामागचं शास्त्र समजायला सोपं आहे. कोरडी वाळू वीज जवळजवळ वाहूच देत नाही. मातीतून वीज वाहते ती कणांमधल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे आणि चिकणमातीच्या कणांना धरून असलेल्या आयनांमुळे. म्हणजे चिकणमाती जास्त, ओल जास्त किंवा क्षार जास्त, की वाहकताही जास्त. मिसुरीत क्षारांचा त्रास फारसा नाही. त्यामुळे आकडा चढला की घट्ट थर वर आलाय असा अंदाज बांधता येतो.

हे मोजणारं सर्वांत परिचित यंत्र कॅन्सस राज्यातल्या सलायना गावची व्हेरिस ही कंपनी बनवते. ते ट्रॅक्टरमागे किंवा पिकअप गाडीमागे जोडतात. लांबून तव्यांचा कुळव वाटावा असं ते दिसतं. आडव्या दांड्यावर सहा लोखंडी तवे, एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेले. दुसऱ्या आणि पाचव्या तव्यातून जमिनीत करंट सोडतात. मधल्या दोन तव्यांमधला विद्युतदाब वरच्या साधारण ३० सेंटिमीटर मातीचा अंदाज देतो, तर टोकाच्या दोन तव्यांमधला दाब सुमारे ९० सेंटिमीटरपर्यंतचा. करंट सोडणारे तवे वेगळे आणि दाब मोजणारे वेगळे, यात सगळी खुबी आहे. तवा आणि माती यांचा संपर्क कुठे चांगला, कुठे वाईट असतो. तोच तवा दोन्ही कामांना वापरला तर मातीऐवजी त्या संपर्काचाच अडथळा मोजला जाईल. चार टोकांनी जमिनीचा रोध मोजण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडली होती. तिला चाकं लागली, वर जीपीएस बसला आणि शेताचा नकाशा तयार होऊ लागला. सेकंदाला एक नोंद, ताशी १५ किलोमीटरचा वेग आणि दोन फेऱ्यांत १५ मीटर अंतर धरलं, तर एकरी साठ-पासष्ट नोंदी मिळतात. प्रयोगशाळेत एवढे नमुने पाठवणं कोणालाच परवडणार नाही.

दुसरा प्रकार जमिनीला न टेकता मोजणारा. कॅनडातल्या जिओनिक्स कंपनीचं ईएम-३८ हे मीटरभर लांबीचं उपकरण. त्यातलं तारेचं एक वेटोळं जमिनीत चुंबकीय क्षेत्रामुळे बारीकसा प्रवाह उठवतं आणि दुसरं त्याचा प्रतिसाद टिपतं. उभं धरलं तर साधारण दीड मीटर, आडवं धरलं तर त्याच्या निम्म्या खोलीपर्यंतची माती कळते. ते ओढायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची घसरगाडी लागते. हातात धरून चालणाऱ्यालाही खिशातल्या किल्ल्या आणि चाकू आधी बाजूला ठेवावे लागतात, कारण जवळचा धातू आकडा बिघडवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा आकडा कारण सांगत नाही. मिलिसीमेन्स प्रति मीटरमध्ये आलेली तीच संख्या चिकणमातीमुळे असेल, ओलीमुळे असेल किंवा क्षारांमुळे. माती एक अंश तापली तरी वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून आकडे २५ अंश सेल्सिअसवर आणून वाचतात. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने म्हणूनच नकाशाला खोदाईची जोड दिली. तिथे तयार झालेली संगणकप्रणाली नकाशा पाहून नमुने घ्यायच्या ६, १२ किंवा २० जागा निवडून देते. माझ्या मते या तंत्राची खरी किंमत इथेच आहे: कुठे खोदायचं ते ते सांगतं. खड्डा न घेता नुसता रंगीत नकाशा हातात ठेवणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

आपल्याकडे कृष्णा-वारणेच्या काठी, सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात, जादा पाणी आणि अपुरा निचरा यांमुळे जमिनी क्षारपड झाल्या. तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षार धुऊन काढायचं काम चालतं. या खर्चाआधी क्षार कुठे आणि किती खोल आहेत याचा नकाशा हातात असायला हवा. एकट्या शेतकऱ्याला हे यंत्र झेपणार नाही. साखर कारखान्यांनी आणि कृषी विद्यापीठांनी ते भाड्याने फिरवावं.

यंत्र गावात येईपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांमागे एक नमुना ठरला, आणि घमेल्यात सगळी माती एकत्र कालवली की चांगल्या-वाईट पट्ट्यांची सरासरीच तेवढी उरते. तेव्हा पुढच्या वेळी पीक खुजं राहतं त्या जागेची माती वेगळ्या पिशवीत भरा, वेगळी चिठ्ठी लावा, आणि दोन्ही अहवालांतला विद्युत वाहकतेचा रकाना शेजारी ठेवून वाचा.