ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरची तपासणी व बदल

ऐन पेरणीच्या दिवसांत सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. किल्ली फिरविली की नुसता ‘टक्’ असा आवाज होतो आणि दुरुस्तीच्या धावपळीत वाफसा निघून जातो. अशा वेळी पुष्कळ शेतकरी ऐकीव सल्ल्यावरून थेट नवा अल्टरनेटर विकत घेतात. वस्तुतः दोष अनेकदा सैल पट्ट्यात किंवा बॅटरीच्या मळलेल्या टोकांत असतो.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारे व बॅटरी भरणारे यंत्र म्हणजे अल्टरनेटर होय. पट्टा घसरू लागला तर निर्दोष अल्टरनेटरही बॅटरी भरू शकत नाही. म्हणून इंजिन बंद असताना पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावा. तो साधारणतः १० ते १५ मिलिमीटर दबावा. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावी. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

यानंतर मल्टीमीटर घ्यावा. ट्रॅक्टर काही तास उभा असता १२ व्होल्टांच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.४ पेक्षा कमी दिसल्यास बॅटरी आधी बाहेरून भरून घ्यावी. मग गिअर मोकळा ठेवून, ब्रेक लावून इंजिन मध्यम गतीने चालवावे. या वेळी उपरण्याचे टोक व सैल बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्यात. आता बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावयास हवेत. आकडा वाढलाच नाही तर बॅटरीस वीज पोचत नाही. १५ च्या वर गेला तर नियामक बिघडला आहे, असे समजावे. दिवे लावूनही आकडा १३ च्या खाली जाऊ नये.

आकडा कमी आला, तरी लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नये. त्याच्या जाड तारेच्या टोकावर १४ व बॅटरीवर १३ व्होल्ट दिसत असतील, तर खराबी मधल्या तारेत किंवा जोडात आहे.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून ‘इंजिन बंद पडते की नाही’ हे पाहण्याची रीत डायनामोच्या काळातील आहे. काही ठिकाणी ती अद्याप सुटलेली नाही. अल्टरनेटरवर हा प्रयोग कदापि करू नये. दाब एकदम उसळून आतील डायोड जळतात, म्हणजे तपासणीच बिघाडास कारण होते.

दोष अल्टरनेटरचाच ठरल्यास झिजलेले ब्रश किंवा नियामक तेवढाच बदलून काम भागते काय, हे जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारावे. पूर्ण बदलावयाचा असल्यास बॅटरीची ऋण तार सर्वप्रथम काढावी. जाड तारेत बॅटरीची वीज सदैव असते; तिला लागलेला पाना ट्रॅक्टरच्या अंगाला टेकला तर मोठी ठिणगी उडते. तारांना खुणेच्या चिंध्या बांधाव्यात, ताणाचा बोल्ट सैल करून पट्टा उतरवावा व यंत्र सोडवावे. नव्याचे व्होल्ट, अँपिअर, पुलीचा व्यास व बोल्टांची छिद्रे जुन्याशी जुळतात ना, हे दुकानातच पाहावे. याकरिता जुना नग सोबत न्यावा. पट्टा ताणताना पहार यंत्राच्या मागील झाकणावर टेकवू नये, ते तडकते. ऋण तार शेवटी जोडावी व इंजिन चालवून पुन्हा व्होल्ट मोजावेत. नवा पट्टा बसविला असेल तर काही तासांच्या कामानंतर तो सैलावतो. तो पुन्हा ताणून घ्यावा.