गोबरगॅस आणि गृहिणीचा वाटा

गोवऱ्या जाळल्या म्हणजे शेणातील नत्र हवेत उडून जाते, हे वाचकांस विदित आहेच. गोबरगॅसच्या यंत्रात तेच शेण प्रथम जळण देते व नत्र स्लरीत राखून शेतास परत करते. दोन घनमीटर यंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. ते उचलणारी, वाहणारी, कालविणारी बहुधा घरची स्त्रीच! चुलीच्या धुरातून ती सुटते खरी. परंतु विहीर दूर असल्यास तिच्या खेपा वाढतात, आणि स्लरी मात्र धन्याच्या नावच्या शेतात जाते. गुजरातेत आणंद जिल्ह्यातील मुजकुवा गावी स्त्रियांनी स्वतःची खत सहकारी मंडळी काढून स्लरीचा पैसा आपल्या हाती आणला आहे. आमच्या सभासदांनी निदान गोठ्यापाशी पाणी आणल्यावाचून यंत्राचा खड्डा खणू नये.