दोन मिनिटांचा हक्क

अमेरिकेतील ‘समर स्टॉक’ म्हणजे उन्हाळ्यापुरती उभी राहणारी नाटकमंडळी. रात्री एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्याची तालीम. एकाच नटाला हंगामात अनेक भूमिका निभवायच्या. म्हणून निवडचाचणीत त्याच्याकडून बहुधा दोन भिन्न प्रकृतींची स्वगते मागतात. वेळ जेमतेम दोनेक मिनिटे.

मला महत्त्वाचा वाटतो तो या चाचणीमागचा हक्क. १९१३ साली स्थापन झालेल्या ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ या नटसंघटनेने १९१९ मध्ये संप केला. त्या काळी तालमीचे आठवडे बिनपगारी जात. आज संघटनेशी करार असलेल्या अनेक नाट्यसंस्थांना सभासदांसाठी खुल्या चाचण्या घ्याव्या लागतात. भूमिकेची हमी नाही. पण ओळखपाळख नसलेल्या नटालाही ती दोन मिनिटे मिळतात.