दूध शीतन
दूध शीतन : धार काढल्यानंतर दुधातील उष्णता त्वरेने काढून घेऊन त्याचे तापमान सु. ४° से. पर्यंत खाली आणण्याच्या क्रियेस दूध शीतन म्हणतात. शीतनाने दूध निर्जंतुक होत नाही. त्यातील सूक्ष्मजंतूंची वाढ मंदावते आणि पाश्चरीकरण होईपर्यंत दूध टिकते. उष्ण प्रदेशात उत्पादकाच्या पदरी दुधाचे मोल पडणे अथवा न पडणे बहुतांशी या क्रियेवर अवलंबून असते.

आवश्यकता : आचळातून निघालेले दूध सु. ३५° ते ३७° से. असते. हे तापमान सूक्ष्मजंतूंना अत्यंत अनुकूल असते. ताज्या दुधात स्वाभाविक जंतुरोधक घटक असतात; तथापि उष्ण हवेत त्यांचा प्रभाव थोडेच तास टिकतो. त्यानंतर जंतूंची संख्या दर अर्ध्या तासाने दुप्पट होते असे धरल्यास चार तासांत ती २५६ पट होते. लॅक्टिक अम्ल निर्माण करणारे जंतू दुग्धशर्करेचे अम्लात रूपांतर करतात. अम्लता पुरेशी वाढली की, दूध चवीला आंबट लागण्यापूर्वीच तापविताना फाटते. संकलन केंद्रावर थोडे दूध उकळून पाहण्याची कसोटी याच गुणधर्मावर आधारलेली आहे. ४° से. तापमानास हीच वाढ इतकी मंद होते की, दूध दूरच्या दुग्धालयापर्यंत सुस्थितीत पोहोचू शकते.

भौतिक तत्त्वे : उष्णता अधिक तापमानाच्या पदार्थाकडून कमी तापमानाच्या पदार्थाकडे जाते. तिच्या वहनाचा वेग तापमानांतील फरक व संपर्क-पृष्ठाचे क्षेत्रफळ यांवर अवलंबून असतो. ४० लिटरच्या कॅनमध्ये दुधाच्या मानाने पृष्ठभाग कमी असल्याने कडेचे दूध निवाले, तरी मध्यभागचे कोमट राहते. म्हणून ते ढवळणे आवश्यक असते. १,००० लि. दूध ३५° वरून ४° से. पर्यंत आणण्यासाठी सु. ३०,००० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. केवळ बर्फाच्या वितळण्यावर विसंबल्यास त्यासाठी सु. ३७० किग्रॅ. बर्फ लागेल. एक टन क्षमतेच्या प्रशीतन यंत्रास याच कामाला सु. दहा तास लागतील. बर्फ दुधात टाकल्यास दूध पातळ होते, ती भेसळच ठरते; बर्फ भांड्याबाहेरच असावा लागतो.

स्थानिक परिस्थिती : सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन अवर्षणप्रवण टापूत आहे. याच तालुक्याच्या सीमेवर भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. लाभक्षेत्रात ऊस व हिरवा चारा वाढला आणि दुग्धव्यवसायास आधार मिळाला. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस याच जिल्ह्यातील. कोल्हापुरात ग्राहकासमोरच म्हैस पिळून धारोष्ण दूध देण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. तेथे शीतनाचा प्रश्नच उद्भवत नाही. गावचे दूध शहरात पाठवायचे म्हटले की मात्र तो प्रश्न अपरिहार्य होतो.

समशीतोष्ण देशांत विहिरीचे पाणी सु. १०° से. असते. त्या पाण्याने दूध १३° से. पर्यंत निवविल्यास एकूण कामाचा सु. ७० टक्के भाग यंत्राविना साधतो. भूगर्भातील उथळ पाण्याचे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास असते. सोलापूर भागात ते सु. २७° से. भरते. अशा पाण्याने दूध ३०° से. पर्यंत उतरले, तरी कामाचा जेमतेम सहावा हिस्साच पार पडतो. याउलट उन्हाळ्यातील कोरड्या हवेत बाष्पीभवन अधिक उपयुक्त ठरते. हवा ४०° से. आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ओल्या फुग्याचे तापमान सु. २२° ते २३° से. असते. त्यामुळे सावलीत, वाऱ्यावर ठेवलेल्या कॅनभोवतीचे ओले गोणपाट विहिरीच्या पाण्यापेक्षा अधिक थंडावा देऊ शकते. माठातील पाणी याच तत्त्वाने गार होते. पावसाळ्यात हवा दमट झाली की, हा लाभ घटतो. ४° से. हे तापमान मात्र बर्फ अथवा यंत्र यांशिवाय गाठता येत नाही.

साधने : दूध शीतनाच्या साधनांचा इतिहास बिअर उद्योगाशी निगडित आहे. बिअर करताना माल्टाचा उकळलेला अर्क यीस्ट घालण्यापूर्वी त्वरित निववावा लागतो. तो कोमट राहिल्यास अनिष्ट जंतू आधी शिरकाव करतात. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये बोदलो यांनी आडव्या नळ्यांवरून द्रव पातळ थराने सोडणारे शीतक तयार केले. नळ्यांतून थंड पाणी वाहते. पुढे ही पृष्ठ-शीतके दुग्धालयांतही वापरली गेली. मात्र त्यांत दूध हवेस उघडे राहते. १९२३ मध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी पत्र्यांचा उष्णता विनिमयक प्रचारात आणला. त्यात पन्हळी पत्र्यांच्या एकाआड एक फटींतून दूध व थंड पाणी परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. या बंदिस्त साधनाने अल्प जागेत मोठे संपर्क-पृष्ठ मिळते. दुग्धालये आणि बिअरचे कारखाने ते आजही वापरतात.

गावपातळीवर सामुदायिक शीतक टाकी उपयोगी पडते. तिच्या तळाशी प्रशीतकाचे बाष्पीभवन होते व ढवळणी फिरत राहते. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागात हिम-संचय पद्धती श्रेयस्कर असते : वीज असताना बर्फ साठवायचा आणि दूध आल्यावर त्याचे गार पाणी खेळवायचे.

मर्यादा : ४° से. तापमानासही काही शीतसहिष्णू जंतू सावकाश वाढतात. त्यांची काही विकरे पाश्चरीकरणानंतरही टिकून स्निग्धांश व प्रथिने बिघडवितात. गार दुधात तितकेच ताजे दूध मिसळल्यास मिश्रणाचे तापमान सु. १९° से. पर्यंत चढते, म्हणून दुसऱ्या वेळचे दूध आधी निववून मग मिसळणे इष्ट. मुळातच अस्वच्छ असलेले दूध शीतनाने चांगले होत नाही. गोठ्याची, हातांची व भांड्यांची स्वच्छता आणि धार काढल्यापासून शीतनापर्यंतचा अल्प अवधी या दोन गोष्टी कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत.