बापाचा पत्ता कोणाच्या दप्तरात?

डिसेंबर १९८७मध्ये अमेरिकेने एक कायदा करून व्हिएतनाम युद्धात आपल्या सैनिकांपासून झालेल्या मुलांना आईसह देशात येऊन राहण्याची मुभा दिली. बापाचा कागदी पुरावा नसला तरी चेहरेपट्टी पाहून अधिकारी अर्ज मंजूर करीत. अशी २० हजारांहून अधिक तरुण मुले अमेरिकेत पोहोचली. त्यांतल्या जेमतेम ३ टक्क्यांना बाप भेटला, असा अंदाज सांगितला जातो. त्यांना देश मिळाला, पण ज्याच्यासाठी निघाली होती तो माणूस मिळाला नाही. या कहाण्या आपल्यापर्यंत नशिबाच्या कहाण्या म्हणून येतात: युद्ध झाले, माणसे पांगली, कोणाचा इलाज नव्हता. मला हे पटत नाही. बाप हरवण्यात नशिबापेक्षा नियमांचा आणि नोंदवह्यांचा हात मोठा असतो, आणि न्यूझीलंडइतका त्याचा स्पष्ट पुरावा क्वचितच कुठे सापडेल.

जून १९४२मध्ये अमेरिकी फौजा न्यूझीलंडमध्ये उतरल्या. ऑकलंडच्या बाजूला मुख्यतः लष्कर, वेलिंग्टनच्या बाजूला मरीन. १९४४पर्यंत सुमारे १ लाख अमेरिकी सैनिक या देशातून गेले. दीडेक हजार स्थानिक मुलींनी त्यांच्याशी लग्ने केली. पण लग्नाला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागे, आणि तिथल्या मूळनिवासी माओरी मुलीच्या बाबतीत आणखी एक भिंत उभी होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने तिथे स्थायिक होणाऱ्या माणसाच्या वंशात गोऱ्यांचा वाटा निम्म्याहून जास्त हवा होता. त्यामुळे ज्या माओरी मुलीला पत्नी म्हणून अमेरिकेत जाताच येणार नव्हते, तिच्या लग्नाला परवानगी कशी मिळावी? ही वांशिक अट १९५२मध्ये उठली, तोवर मुले शाळेत जाऊ लागली होती. इकडे न्यूझीलंडमध्ये लग्नाविना झालेल्या मुलाच्या जन्मनोंदीत बापाच्या संमतीवाचून त्याचे नाव सहसा लागत नसे, आणि तो तर पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर लढत होता. वेलिंग्टनहून निघालेली मरीन डिव्हिजन नोव्हेंबर १९४३मध्ये तारावा बेटावर उतरली. तिथे अवघ्या चार दिवसांत सुमारे हजार अमेरिकी मेले. आपला बाप त्यांत होता की सुखरूप घरी गेला, हेही कित्येक मुलांना कळले नाही.

पुढचा अडथळा दप्तराचा. अमेरिकी सैनिकांच्या सेवापुस्तिका सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागारात असतात. जुलै १९७३मध्ये तिथे आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करी सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. मरीनच्या फायली वाचल्या. म्हणजे आईची गाठ ऑकलंडमध्ये पडली की वेलिंग्टनमध्ये, यावर पन्नास वर्षांनंतरच्या शोधाचे भवितव्य बरेचसे ठरले! शिवाय सेवामुक्तीला ६२ वर्षे होईपर्यंत फाइल सर्वांना खुली होत नाही. त्याआधी ती हवी तर जवळचे नाते सिद्ध करा. आणि नाते सिद्ध करायला तोच जन्मदाखला, ज्यावर बापाचे नावच नाही.

न्यूझीलंडमध्येच याच्या नेमकी उलटी गोष्टही घडली आहे, आणि तिचे मूळ भारतात आहे. जॉन अँडरसन ग्रॅहम या स्कॉटिश मिशनऱ्याने १९००मध्ये कालिंपाँगला एक वसतिशाळा काढली. आसाम-दार्जिलिंगच्या ब्रिटिश चहामळेवाल्यांना स्थानिक स्त्रियांपासून झालेली मुले तिथे ठेवली जात. १९०८ ते १९३८ या काळात त्यांपैकी १३० जणांना न्यूझीलंडला पाठवण्यात आले. मुलगे शेतावर, मुली घरकामाला. बहुतेकांनी आपल्या मुलांना भारताबद्दल चकार शब्द सांगितला नाही. पण संस्थेने प्रत्येक मुलाची फाइल जपली होती. बाप फी भरत, पत्रे लिहीत. ती पत्रे त्यात आहेत. इतिहासकार जेन मॅक्केब यांची आजी याच मुलांपैकी एक. मॅक्केब यांच्या संशोधनामुळे हा सगळा इतिहास उजेडात आला. ज्याने मुलाला नाव देण्याचे टाळले, तो बाप शंभर वर्षांनंतरही सापडतो, कारण त्याची पत्रे फायलीत लागली. आईने पत्रे लिहिली नाहीत, फी भरली नाही. अनेक फायलींत तिचे नावही नाही.

आक्षेप येतो तो खासगीपणाचा: नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या संसारात सरकारने वादळ का आणावे? आक्षेप खोटा नाही. पण त्यावर वाट निघू शकते, हे दोनदा दिसले आहे. न्यूझीलंडच्या १९८५च्या कायद्याने दत्तक मुलाला विसाव्या वर्षी मूळ जन्मदाखला मागण्याचा हक्क दिला, आणि जुन्या प्रकरणांत जन्मदात्यांना दहा वर्षांपुरता नकार नोंदवण्याची सोयही ठेवली. ब्रिटनमधल्या अशाच युद्धबालकांनी अमेरिकी सरकारवर दावा लावला, तेव्हा १९९०च्या तडजोडीत हयात बापाचे शहर आणि राज्य तेवढे सांगायचे ठरले. यातून कोणाचे घर मोडत नाही.

दुसरे म्हणणे असे की आईचे नाव पुरे. उपनिषदातल्या सत्यकामाला त्याच्या आईने, जबालेने, स्वतःचे नाव दिले आणि गुरूने ते मानलेही. महाराष्ट्राने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचे नाव आणले, ते योग्यच झाले. त्याने मुलाची प्रतिष्ठा राखली जाते. कुतूहल मात्र शमत नाही. अनेक माओरी मुले आजी-आजोबांकडे, आपल्या गोतात, मायेने वाढली, कोणी त्यांना परके मानले नाही, आणि तरीही साठीनंतर ती बापाच्या शोधाला लागली. प्रेमाची उणीव नसतानाही माणूस शोधतो, हे मान्य केल्यावर त्याला हळवेपणा म्हणून बाजूला सारता येत नाही.

आता डीएनए चाचणी आहे, मग दप्तरे हवीत कशाला, असेही विचारले जाते. अमेरिकेत लाखो लोकांनी चाचण्या केल्या आहेत, म्हणून तिथले चुलतभाऊ जुळतात. आसामच्या मळ्यातल्या मजूर बाईच्या नातवंडा-पणतवंडांपैकी कितीजण पैसे मोजून परदेशी कंपनीला लाळेचा नमुना पाठवणार? त्या आजीपर्यंत पोहोचायचे तर मळ्यांचे, मिशनचे, जिल्हा कचेऱ्यांचे जे काही जुने कागद उरले असतील ते जपावे, लावावे आणि मागणाऱ्याला दाखवावे लागतील, आणि ते काम भारतातच होऊ शकते.