चटणीच्या जोरावर

कोल्हापूर म्हटलं की पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण मटणाचे वार ठरलेले; उरलेला आठवडा घर चालतं मटकी, मसूर, हुलगा आणि भाकरीवर. या साध्या जेवणाला कोल्हापुरी करते ती बरणीतली चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा जवारी. खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला भाजून सगळं डंकावर न्यायचं. कुटताना त्यात लसूण, आलं, कोथिंबीर आणि तळलेला कांदा पडतो. एवढी बेगमी झाली की रोजच्या आमटीला वेगळा मसाला लागत नाही.

भाकरी मात्र पाऊस ठरवतो. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शिरोळला जेमतेम ५०० च्या घरात. म्हणून पश्चिमेला भात, नाचणी आणि आंबोळी. पूर्वेला जोंधळ्याची भाकरी, धपाटे, झुणका आणि खरडा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा शहरांना नाचणीचा शोध लागला. आजरा-चंदगडकडं ती तव्यावरून कधी उतरलीच नव्हती. आजऱ्याच्या सुवासिक घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

कडधान्यांत पहिला मान मटकीचा. दिवसभर भिजवून, रात्री फडक्यात बांधून मोड आणायचे. मिसळीसाठी उसळ वेगळी आणि कट वेगळा: भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण वाटून, तेलात चटणी परतून पातळ उकळी काढायची. मिसळीबरोबर बऱ्याच ठिकाणी स्लाइस ब्रेडच येतो. इस्लामपूर-कोल्हापूर पट्ट्यातल्या ढाब्यांनी अख्खा मसूर गाजवला. घरी तो कांदा-टोमॅटो आणि चमचाभर चटणीवर सहज होतो. थंडीत हुलग्याची शेंगोळी आणि गुळातलं माडगं. चार वाजता भडंग: चुरमुरे, शेंगदाणे, तेलात लालसर झालेला लसूण, आणि पुन्हा तीच चटणी.

गोडाची बाजू गुळानं सांभाळली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, पुढं राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. पेठ आणि पाणी मिळत गेलं, तशी ऊस आणि गूळ जिल्ह्याची ओळख झाली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं. पुरणपोळी, कटाची आमटी, नवरात्रात घटावर बांधायची पातळ, कुरकुरीत कडाकणी ही सगळी त्या गुळाची लेकरं. पण उसानं घेतलंही. जोंधळ्यात आंतरपीक म्हणून येणारी मटकी, तूर, हुलगा बागायतीत मागं पडली; ज्या घरी कडधान्याची कणगी असायची, तिथं आता किलोची पिशवी येते.

कडधान्य विकत आणलं तरी चव हलली नाही, कारण चटणी घरची होती. आता तीही पाकिटात मिळते, आणि पाकीट सगळ्यांना एकच चव देतं. डंकावर जायला वेळ नसेल तर नसो. आई-आजीचं प्रमाण, किलो मिरचीला किती लसूण नि किती खोबरं, ते या दिवाळीत वहीत उतरवून घ्यावं.